डिम समची खरी वेळ

हैदराबाद शहरात चिनी भोजन मिळत नाही अशी वस्ती आता शोधून सापडावयाची नाही. हिमायतनगर घ्या, सैनिकपुरी घ्या, कुकटपल्ली घ्या किंवा गच्चीबावली घ्या. मुख्य रस्त्याने थोडे पुढे गेले की लाल कंदील टांगलेले एखादे उपाहारगृह दृष्टीस पडतेच, आणि अलीकडच्या काळात अशा उपाहारगृहांच्या भोजनपत्रिकेत सूप, नूडल्स आणि मंचूरियन या जुन्या मानकऱ्यांच्या जोडीला बांबूच्या लहान टोपल्यांतून वाफाळत येणाऱ्या डिम समचे एक स्वतंत्र प्रकरण दाखल झालेले आहे. या पाहुण्याच्या आगमनाचा मला मनःपूर्वक आनंद वाटतो. परंतु ज्या वेळी, ज्या पेयाच्या संगतीत आणि ज्या घाईने तो आपल्यापुढे ठेवला जातो, ते पाहता त्याचा यथोचित आदर आपण अद्याप केलेला नाही, असे माझे मत आहे. दुपारी बारानंतर ज्यांची दारे उघडतात अशा उपाहारगृहांत, मुख्य भोजनापूर्वीचे तोंडीलावणे म्हणून, थंड व गोड पेयाच्या बाटलीबरोबर डिम समची एखादी टोपली मागवावी, तिच्यातील चार नग चौघांनी वाटून घ्यावेत आणि लगेच परतलेल्या भाताकडे वळावे, हा आपला सध्याचा शिरस्ता. वस्तुतः डिम सम हा सकाळचा प्रकार आहे. चहाच्या सोबतीने, आस्ते आस्ते, गप्पागोष्टी करीत आणि एकामागून एक टोपल्या रिकाम्या करीत खाण्याचा प्रकार आहे. आणि अवघ्या हिंदुस्थानात ज्या शहराने चहाच्या मेजाभोवती आपले सार्वजनिक जीवन उभारले त्या हैदराबादेत तरी तो सकाळी मिळू लागावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

डिम सम या नावाखाली जे येते ते एकच एक पक्वान्न नव्हे. दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांतात, आणि विशेषेकरून त्या प्रांताची राजधानी जे कँटन अथवा ग्वांगझौ त्या नगरात, चहाखान्यांच्या आश्रयाने वाढलेला तो लहान लहान जिनसांचा एक विस्तृत परिवार आहे. पारदर्शक आवरणात कोळंबी मिटून घेतलेला हार गाऊ, माथा उघडा ठेवलेला सिऊ माय, तांदळाच्या रेशमासारख्या पापुद्र्याची गुंडाळी करून वर सोयाचा रस ओतलेला चिऊंग फन, आंबवलेल्या मैद्याचा फुगीर बाओ, कमळाच्या पानात बांधून वाफवलेला चिकट भात, मुळ्याचा कीस घालून उकडलेली आणि मग तव्यावर खरपूस केलेली वडी, आणि शेवटी अंड्याचे गोड, पिवळेधमक टार्ट. अशी ही नामावळी शंभरावर सहज जाते. कँटन हे नाव मुंबई इलाख्याच्या इतिहासालाही परके नाही. १७५७ पासून १८४२ पर्यंत चीनच्या बादशाही दरबाराने पाश्चात्त्य व्यापाऱ्यांसाठी खुले ठेवलेले बंदर एवढेच होते, आणि सर जमशेटजी जिजीभाईंसारख्या मुंबईच्या शेठ-सावकारांचा माल, कापूस आणि माळव्याची अफू, जहाजांत भरून तेथेच उतरत असे. त्या व्यापारातील अफूचा भाग आपल्याला अभिमान बाळगण्याजोगा नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. मुंबईच्या कित्येक वास्तूंच्या पायात तो पैसा आहे; परंतु कँटनच्या चहाखान्यातील बैठक मात्र त्या जहाजांतून आपल्याकडे आली नाही.

ती बैठक कशी असे, हे समजून घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कँटनच्या बाजारांत व धक्क्यांवर साध्या छपराचे, लाकडी बाकड्यांचे चहाखाने निघाले. चहाचे मोल दोन ली, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे, असल्यामुळे लोक त्यांना दोन लीचे खाने म्हणूनच ओळखीत. ओझी वाहणारे हमाल आणि फेरीवाले दिवसाचे काम अंगावर घेण्यापूर्वी तेथे टेकत, आणि पोटाला आधार म्हणून एखाद-दुसरा वाफवलेला जिन्नस घेत. पुढे धनिकांसाठी दुमजली-तिमजली प्रशस्त चहागृहे उभी राहिली, त्यांच्यात चुरस लागली, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत तर दर आठवड्याला नवनवे जिन्नस जाहीर करण्याची प्रथा पडून आचाऱ्यांच्या प्रतिभेला मोठेच उत्तेजन मिळाले. तथापि मूळचा सामान्य माणूस या प्रासादांतून हद्दपार झाला नाही. एक पेला चहा आणि दोन जिन्नस, एवढ्या भांडवलावर वृत्तपत्र उघडून सकाळचा प्रहर घालविणारा वृद्ध गृहस्थ हे त्या चहागृहांचे जुने दृश्य आहे; पक्षी पाळण्याचा नाद असलेली मंडळी तर पिंजरा सोबत घेऊन येत आणि मेजाशेजारी तो टांगून ठेवीत. रविवारी तीन तीन पिढ्या एका गोल मेजाभोवती जमतात. चहा ओतावयाचा तो प्रथम वडीलधाऱ्यांना, मग इतरांना, स्वतःला सर्वांत शेवटी. ज्याच्या पेल्यात चहा पडतो तो बोलण्यात खंड न पाडता दोन बोटांनी मेजावर हलकेच टकटक करून आभार दर्शवितो, आणि या रीतीचा संबंध वेषांतर करून हिंडणाऱ्या छ्येनलुंग बादशहाच्या एका आख्यायिकेशी जोडला जातो. किटलीतील पाणी संपले की तिचे झाकण किंचित तिरके करून ठेवावयाचे. वाढप्याला हाक मारावी लागत नाही, तो येऊन गरम पाणी भरून जातो. ज्या हैदराबादेने 'पहले आप'ची अदब जिवापाड जपली, तिला या संकेतांत परके काय वाटावे?

आता वेळेचा मुद्दा, जो माझ्या विनंतीचा कणा आहे. सकाळ ही डिम समची केवळ रूढीने ठरलेली वेळ नसून त्या पदार्थांच्या घडणीनेच ती मागितलेली आहे. माझ्या परिचयाच्या एका उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात उभे राहून मी हार गाऊ घडताना पाहिलेला आहे. त्याचे पीठ म्हणजे गव्हातील चिकाटी धुऊन टाकून उरलेले निखळ सत्त्व, आणि त्यात साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्या कंदाचे थोडे सत्त्व. हे मिश्रण थंड पाण्याने भिजवीत नाहीत, त्यावर खळखळते पाणी ओतून, झाकून, मग हाताला सोसेल इतपत निवताच तेलाचा हात लावून मळतात. मोदकाची उकड जिने काढली आहे अशा कोणत्याही कोकणस्थ वा देशस्थ गृहिणीला या कृतीत काही शिकवावे लागणार नाही. ऊन असतानाच मळणे, ओल्या फडक्याखाली गोळे झाकून ठेवणे, पारी कडेला पातळ आणि मध्ये किंचित जाड राखणे, सारे तेच. फरक हत्याराचा. दार्जिलिंगकडून आलेला तो तरुण आचारी रुंद पात्याच्या सुऱ्याला तेल पुसून त्याची सपाट बाजू सुपारीएवढ्या गोळ्यावर ठेवी, तळहाताने दाबून पाते एकदाच फिरवी, आणि फळीवर चंद्रबिंबासारखी पारी उमटे. तीवर कोळंबीचे सारण. त्यात बांबूच्या कोंबाचे बारीक तुकडे. मग डाव्या हाताचा अंगठा आत आणि उजव्या हाताच्या तर्जनीने एकेक चुणी मागे ढकलीत तो अर्धवर्तुळ मिटवून टाकी. चुण्या सातांहून कमी नसाव्यात, दहाच्या पुढे गेल्यास उत्तम, असा जाणकारांचा दंडक आहे. पण एक बाजू चुण्यांची आणि दुसरी पूर्ण सपाट राहिली पाहिजे, हीच खरी कसोटी असल्याचे त्याच्या हातांकडे पाहताना कळले. वाफेवर सहा-सात मिनिटे, की पांढरे आवरण काचेसारखे होऊन आतील कोळंबीची लाली बाहेर दिसू लागते.

ही अवस्था टिकते किती? टोपली मेजावर आल्यापासून सुमारे दहा मिनिटे. वाफेने फुललेले सत्त्व निवू लागले की पुन्हा आवळते, आवरण अपारदर्शक व चिवट होते, कागदाला चिकटते, उचलताना फाटते आणि सारणातील रस टोपलीत वाहून जातो. पुन्हा वाफ दिल्याने पहिली नजाकत परत येत नाही. कोळंबीही अशीच, सारण कालवल्यावर ती जितकी लवकर वाफेवर चढेल तितका तिच्यात दाताखाली करकरण्याचा गुण राहतो. म्हणून अस्सल चहागृहात आचारी पहाटेच्या अंधारात कामाला लागतात, सूर्योदयापासून दुपारपर्यंत जे घडेल ते लगोलग खपते, आणि दुपारनंतर भट्ट्या इतर स्वयंपाकाला मोकळ्या होतात. आपल्याकडे क्रम उलटा आहे. सायंकाळी आठ वाजता जी टोपली आपल्यापुढे येते तिच्यातील नग पुष्कळदा आदल्या दिवशी वा त्याही आधी घडवून शीतपेटीत गोठविलेले असतात. ते निकृष्ट असतात असे मी म्हणत नाही; परंतु गोठविलेल्या नगावरून डिम समविषयी मत बनविणाऱ्याने तो पदार्थ खाल्लेला नाही. आणि जे प्लास्टिकच्या डब्यात बंद होऊन, दुचाकीच्या मागच्या पेटीत बसून, पंजागुट्ट्याच्या वाहतुकीतून अर्ध्या-पाऊण तासाने घरी पोहोचतात, त्यांच्यावर स्वतःच्याच वाफेचे पाणी ठिबकून ते लगद्याच्या अवस्थेस गेलेले असतात. बिर्याणीला हा प्रवास मानवतो. दमाचा भात बंद भांड्यात अर्धा तास अधिक राहिला तरी त्याचे बिघडत नाही. डिम समला मात्र मुदपाकखान्यापासून मेजापर्यंतचे अंतरही फार लांब आहे.

हिंदुस्थानात सकाळच्या डिम समची परंपरा मुळीच नाही, असेही नव्हे. ती कलकत्त्यात आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत तोंग अच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याने बजबजनजीक हुगळीच्या काठी जमीन मिळवून साखरेचा कारखाना घातला; त्याच्याच नावाने ते गाव आजही अचीपूर म्हणून ओळखले जाते. त्याच्यामागून कँटनकडचे सुतार, हाक्का जमातीचे चर्मकार, हुपे प्रांतातले दंतवैद्य अशी मंडळी येत गेली, आणि टिरेटा बाजार व टांगरा येथे त्यांच्या वसाहती झाल्या. टिरेटा बाजारात आजही, विशेषतः रविवारी, उजाडता उजाडता काही चिनी कुटुंबे घरी केलेले बाओ, सिऊ माय आणि माशांच्या गोळ्यांचे गरम सार घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, कलकत्तेकर झोपमोड करून तेथे जमतात, आणि आठ-साडेआठच्या सुमारास भांडी रिकामी झालेली असतात. परंतु ही पंगत वर्षानुवर्षे आखूड होत चालली आहे, आणि तिचे कारण पाकशास्त्रात नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध जुंपले, आणि ज्यांच्या दोन दोन, तीन तीन पिढ्या याच भूमीत जन्मल्या होत्या अशा सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या स्त्री-पुरुषांना व मुलांना आसाम, बंगाल आदी प्रांतांतून उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. कित्येकांना तेथे वर्षानुवर्षे राहावे लागले. त्यांच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. सुटून आले तेव्हा अनेकांची घरेदारे आणि दुकाने हातची गेलेली होती; पुष्कळांनी पुढे कॅनडाची वाट धरली. सरकारने या लोकांची आजवर क्षमा मागितलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. चहाखाना हा समाजाच्या आश्रयाने जगतो. पहाटे उठून त्यात येऊन बसणारी माणसे असावी लागतात. ज्या समाजाने ही रीत या देशात रुजवावयाची तोच असा उखडला गेल्यावर मागे राहिली ती सायंकाळी हिंदी गिऱ्हाइकाच्या रुचीप्रमाणे जेवण देणारी उपाहारगृहे.

या उपाहारगृहांचे ऋण मी नाकारीत नाही. कलकत्त्याहून मुंबईस आलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली तेथील क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया यांच्या रसात तळलेल्या कोंबडीचे तुकडे सोडून जे मंचूरियन सिद्ध केले, ते आज खेड्यापाड्यांच्या बाजारापर्यंत पोहोचले आहे. एका स्थलांतरिताच्या कल्पकतेचा एवढा देशव्यापी स्वीकार क्वचितच झाला असेल. आमच्या सिकंदराबादेतही, १८०६ साली वसलेल्या त्या लष्करी छावणीच्या मिश्र वस्तीत, पार्क लेनवरील नानकिंगसारख्या उपाहारगृहाने कित्येक दशके लोकांना चिनी जेवणाची गोडी लावली. परंतु या सर्वांनी मिळून आपल्या मनात चिनी उपाहारगृहाची जी प्रतिमा ठसविली ती सायंकाळच्या कौटुंबिक मेजवानीची, पगाराच्या दिवसाची, वाढदिवसाची. सकाळी सात वाजता चिनी माणूसही काही खात असेल, हा विचारच आपल्याला शिवला नाही.

म्हणूनच उपाहारगृहाच्या चालकांपाशी हा विषय काढला की उत्तर ठरलेले असते: "सुबह कौन आता साब? हैदराबाद तो देर से उठता." या उत्तराशी मी सहमत होऊ शकत नाही. रात्री उशिरा झोपणारे हे शहर आहे खरे; परंतु पहाटेची न्याहारी जितक्या निष्ठेने येथे होते तितकी फार थोड्या शहरांत होत असेल. फजरची नमाज आटोपून निघालेली माणसे चारमिनारच्या परिसरात नहारीच्या वाडग्याभोवती बसलेली असतात तेव्हा नीट फटफटलेलेही नसते. रात्रभर मंद आचेवर शिजलेली ती नहारी आणि तिच्यासोबतचे कुलचे यांसाठी दूरदूरहून लोक येतात. पुरानी हवेलीजवळच्या मुनशी नानची भट्टी निजामाच्या दप्तरातील एका मुनशीने १८५१ साली सुरू केली असे सांगतात, आणि त्या चौकोनी नानाने शहराच्या किती पिढ्यांची सकाळ झाली असेल याची गणती करणे कठीण आहे. मनमाडहून रात्री सुटणारी अजिंठा एक्स्प्रेस सकाळी येथे पोहोचते. जालना, परभणी, नांदेडकडून कोर्टकचेरीच्या किंवा दवाखान्याच्या कामासाठी येणारा मराठी माणूस स्टेशनाबाहेर पडून प्रथम शिरतो तो एखाद्या इराणी हॉटेलात. संगमरवरी मेज, मागे आरसा, गल्ल्यावर बसलेला मालक, बशीत मलईचा चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटे. कँटनच्या त्या एक पेला दोन जिन्नस घेऊन बसणाऱ्या वृद्धाचा हा सख्खा भाऊच म्हणावा लागेल.

इराणी हॉटेलांनी या शहरासाठी जे केले त्याची नोंद शासकीय इतिहासात सापडावयाची नाही. यझ्द, किरमानकडून मुंबई-पुण्यामार्गे आलेल्या त्या कष्टाळू माणसांनी नाक्यानाक्यावरचे गाळे घेतले, आणि निजामी चलनाच्या, म्हणजे हाली शिक्क्याच्या, काळात चहाचे दाम इतके बेताचे ठेवले की जहागीरदाराचा मुनीम, वसतिगृहातला विद्यार्थी आणि टांगेवाला यांना एकाच छताखाली बसता आले. आबिद्सचे ग्रँड हॉटेल १९३५ सालचे. विवेकवर्धिनी शाळेतून सुटलेली मराठी मुले, सुलतान बाजारातील वकील, स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते, मखदूम मोहिउद्दीनसारखे कवी, या सर्वांच्या वादविवादांना या शहरातील चहाच्या मेजांनी आसरा दिला. आज ही हॉटेले एकामागून एक मिटत आहेत. नाक्यावरचा गाळा मोबाइलच्या दुकानाला किंवा औषधांच्या पेढीला दिला तर मालकाला बसल्या जागी अधिक भाडे मिळते. उरलेल्यांपैकी कित्येकांनी खुर्च्या काढून टाकल्या, आणि चहा उभ्याने, कागदी पेल्यात पिण्याची वस्तू झाली. शहराच्या पश्चिमेकडील नव्या वस्त्यांत तर बसून चहा घेण्याची स्वस्त जागा मिळणे दुरापास्त आहे; तेथे कॉफीचा पेला मिळतो, पण त्याच्या किमतीत सामान्य कुटुंबाची न्याहारी होईल. या रिकाम्या होत चाललेल्या जागी मोहल्ल्यातील चिनी उपाहारगृहाने सकाळपुरते बसावे, असे मला मनापासून वाटते. त्याच्याजवळ मेज आहेत, खुर्च्या आहेत, वाफेची भांडी आहेत, आणि सकाळचे पाच-सहा तास हा सारा सरंजाम कुलपात पडून असतो.

काहींना धर्माची व आहाराची अडचण दिसेल, कारण कँटनच्या बहुतेक सारणांत वराहमांस असते. परंतु चीनमध्येही ही अडचण नवी नाही. खुद्द ग्वांगझौ नगरात हुआईशेंग मशीद आहे, ती त्या देशातील अतिप्राचीन मशिदींत गणली जाते, आणि समुद्रमार्गे आलेल्या अरब-इराणी व्यापाऱ्यांचा मोहल्ला तेथे हजार वर्षांपूर्वीही होता. बौद्ध मठांची शाकाहारी पाकपरंपरा तर सर्वश्रुतच आहे. आपल्या उपाहारगृहांनी कोंबडी, कोळंबी, अळंबी आणि पालक यांवर डिम सम आधीच बसविलेले आहेत. किंबहुना कोळंबीच्या बाबतीत हैदराबादइतके सुस्थान दुसरे नसेल. देशातील कोळंबी-उत्पादनात आंध्र प्रदेश अग्रभागी आहे. भीमावरम आणि नेल्लूरकडच्या तळ्यांतून रात्री निघालेला माल सकाळी या शहरात येतो. आज त्यातील उत्तम प्रत बंद पेट्यांतून अमेरिकेकडे रवाना होते आणि आपण दुय्यम प्रतीवर समाधान मानतो. मागणी वाढली तर हा क्रम थोडा तरी बदलेल.

चहाविषयीची शंका अधिक विचारात घेण्याजोगी आहे. डिम समबरोबरचा चहा दुधाविना, साखरेविना, नुसत्या पानांचा. पू-अर, ऊलोंग किंवा शेवंतीच्या फुलांचा. दमाच्या घट्ट चहावर वाढलेल्या जिभेला तो फिका लागेल हे मान्य. तरीही बारकस वस्तीतील हद्रमी अरबांनी या शहराला कोरा सुलेमानी चहा शिकविलाच, आणि लग्नाच्या बिर्याणीनंतर तो मागून घेणारे हिंदू-मुसलमान दोघेही आढळतात. त्याच लोकांच्या हरीसपासून येथील हलीम घडले, आणि २०१० साली त्या हलीमला भौगोलिक निर्देशनाची शासकीय मोहर मिळाली; बाहेरून आलेले आपलेसे करण्याची या मातीची शक्ती किती आहे, याला आणखी पुरावा नको. शिवाय पू-अर परदेशातून आणण्याचेही कारण नाही. दार्जिलिंगच्या मळ्यांतील मूळ रोपे चिनी जातीची आहेत, कंपनी सरकारच्या अमदानीत ती चीनमधून हिमालयाच्या उतारांवर आणली गेली. दार्जिलिंगचा दुसऱ्या बहराचा चहा हार गाऊच्या शेजारी ठेवून पाहावा. कोळंबीचा गोडवा त्याने झाकला जात नाही, आणि बाओतील स्निग्धता दुसऱ्या घोटाला जिभेवरून निघून जाते.

खरी अडचण एकच, आणि ती माणसांची आहे. सकाळी सहाला पहिली टोपली मेजावर यावयाची तर आचाऱ्याने पहाटे तीनला उठले पाहिजे. आणि जो रात्री अकरापर्यंत भट्टीपुढे उभा होता त्याला तीनला उठविणे हा अन्याय होईल. आपल्या उपाहारगृहांत डिम सम घडविणारे हात बहुतांशी नेपाळ, दार्जिलिंग, मिझोराम, मणिपूर येथून आलेल्या तरुण-तरुणींचे आहेत. एका खोलीत सात-आठजण राहून ते पैसे गावी पाठवितात, आणि रस्त्यातून जाताना त्यांच्या चेहरेपट्टीवरून त्यांना हिणविणारे लोक या सुसंस्कृत म्हणविणाऱ्या शहरात आहेत, हे लिहिताना शरम वाटते. त्यांच्या श्रमांवर सकाळची आणखी एक पाळी लादून माझी न्याहारी होणार असेल तर ती मला नको. पहाटे येणारा आचारी दुपारी एकला मोकळा झाला पाहिजे, त्या पाळीचा मुशाहिरा रात्रीच्या पाळीइतकाच असला पाहिजे, आणि सायंकाळची भट्टी दुसऱ्याने सांभाळली पाहिजे. याने खर्च वाढेल हे उघड आहे. तो गिऱ्हाइकाने सोसावा. ज्या कसबाला हाताला वळण लागेपर्यंत कित्येक महिने जातात, त्याचे मोल चार रुपयांनी अधिक पडले म्हणून कुरकुर करणे योग्य नव्हे.

प्रारंभ मोठा असण्याची गरज नाही. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सहापासून दहापर्यंत दार उघडावे. हुसेनसागरच्या काठाने, इंदिरा पार्कात आणि केबीआर उद्यानाभोवती त्या वेळी फिरून घरी परतणारी शेकडो माणसे काहीतरी हलके व गरम खाण्याच्या शोधात असतात, आणि सध्या त्यांच्यापुढे इडली-दोशाव्यतिरिक्त फारसा पर्याय नसतो. भोजनपत्रिकेत पंधरा-वीस नावे लिहून आचाऱ्याला वेठीस धरू नये. हार गाऊ, अळंबीचा एक जिन्नस, कोंबडीचा बाओ आणि काहीतरी एक गोड, एवढे पुरेसे आहे, फक्त ते त्याच सकाळी घडविलेले असावे. भाव टोपलीमागे असावा, म्हणजे एकट्या वृद्धाला एकच टोपली घेऊन संकोच न वाटता बसता येईल. त्या चार तासांत घरपोच मागण्यांचे यंत्र बंद ठेवावे. गोल मेज असतील तर ते भिंतीकडून मध्ये ओढावेत. मेज अडवून बसले म्हणून कोणाला बिल आणून देण्याची घाई करू नये, एखादे उर्दू आणि एखादे मराठी वृत्तपत्र तेथे पडलेले असावे, आणि किटलीचे झाकण तिरके दिसले की वाढप्याने येऊन गरम पाणी भरावे. त्याचे वेगळे पैसे लावू नयेत.